बंद घरात चालू असलेल्या गाण्याबाबत

अर्जदार : मी स्वतः. राहणार अमरावती. वय पन्नाशीच्या पुढे. शिक्षण दहावी (एक विषय राहिला, पुन्हा बसण्याची गरज भासली नाही). व्यवसाय अर्जनवीस. बैठक तहसील कचेरीच्या आवाराबाहेर, कडुनिंबाखाली.

गैरअर्जदार : माझे साडूभाऊ, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार अकोला. व्यवसाय जिनिंग फॅक्टरीत विद्युत फोरमन. मयत.

घटनेचे ठिकाण : गैरअर्जदारांच्या राहत्या घराचा हॉल.

घटनेचा काळ : कापूस येणे कमी होऊन त्यांची जिन बंद पडली तेव्हापासून आजतागायत. तारखांची नोंद ठेवलेली नाही.

साक्षीदार : एक, गैरअर्जदारांच्या पत्नी, ज्यांना मी ताई म्हणतो. दोन, समोरच्या पिठाच्या गिरणीचे मालक. यांनी काहीही ऐकलेले नाही. त्यांचे काहीही न ऐकणे पुराव्यात घेण्यात यावे.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे, बापाची नावे, मौजे, तालुका, जिल्हा लिहून माझी बोटे वाकली. घरच्या गोष्टीत तरी ते टाळण्याचा मला अधिकार आहे. शिवाय ही हकिगत मी कोणत्याही कचेरीत दाखल करणार नाही. वाचणाऱ्याने ती माझी आठवण समजून वाचावी. अर्जाच्या साच्यात लिहीत आहे, कारण मला दुसऱ्या साच्यात लिहिता येत नाही आणि हा साचा वाईट आहे असे मला कधी वाटलेले नाही.

साडूभाऊंनी आयुष्याची तीस-एक वर्षे जिनाच्या खडखडाटात काढली. सरकी एकीकडे, रुई एकीकडे, आणि त्यात माणसाला माणसाशी हातवारे करून बोलावे लागे. जिन बंद पडली, कामगार घरी बसले. बाकीच्यांनी पानठेले टाकले, कोणी ऑटो घेतला. साडूभाऊंनी एक संगणक घेतला, एक ॲम्प्लिफायर घेतला, आणि छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर हॉलमध्ये असे उभे केले की पाहुण्याला वाटावे, घरात दोन माणसे आधीच उभी आहेत.

संगणक आतल्या खोलीत. हॉलमध्ये स्टुलावर एक लहानशी काळी पेटी, तिला ते स्ट्रीमर म्हणत. संगणकात साठवलेले गाणे निळ्या तारेतून त्या पेटीत यायचे, पेटीतून ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून स्पीकरमध्ये. पेटीच्या तोंडावर हिरवट आकडे धावत. गाणे कुठवर आले ते कळण्यासाठी.

"हे काहून एवढं? टेपरेकॉर्डर वाईट होता काय?" असे मी पहिल्याच भेटीत विचारले.

"अर्जनवीस साहेब," ते म्हणाले. मला ते नेहमी याच नावाने हाक मारत आणि त्यात थोडी थट्टा असे. "गाठ पाह्यली ना जिनातली? कापूस दाबून दाबून लोखंडासारखा करतात. एमपीथ्री म्हणजे थे. गाण्याची गाठ. आन् हे जे मी वाजवून राहिलो, हे बोंड हाय. झाडावरचं. हात लावून पाहा."

गाण्याला हात कसा लावावा हे मला समजले नाही, पण मी मान हलवली. त्यांनी कूलर बंद केला. मग पंखा बंद केला. अकोल्याचा मे महिना, दुपार. मी घामाने निथळत बसलो. कोण्या मोठ्या सभागृहातली मैफल होती, त्यांनी ती परदेशातून संगणकावर उतरवून घेतली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट वर केले.

"ऐकलं?"

"काय?"

"उजव्या हाताले, मागच्या रांगेत एक जण खोकलला."

"खोकला ऐकायले मी अमरावतीहून आलो काय?"

"एमपीथ्रीत हा माणूस मेलेला असते. दाबून मारतात त्याले. इथं जिता हाय."

स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला. "जो समोर जिता बसला हाय त्याले पाणी पाह्यजे काय, थे विचारा आधी."

आम्ही तिघेही हसलो. त्या घरात त्या काळी हसणे होते, हे मी शपथेवर सांगतो.

आता विजेविषयी लिहिणे भाग आहे, कारण सर्व प्रकरण तिच्यावर उभे आहे. ती वर्षे भारनियमनाची होती. खेड्यांत दिवसचे दिवस अंधार, शहरात तासन् तास. माझ्या टेबलापुढची रांग त्या वर्षांत बदलली. एक तर लाइट मागणारे येत, नाही तर पदर डोक्यावर घेतलेल्या बाया येत, ज्यांच्या अर्जात पहिल्याच ओळीत नवऱ्याच्या नावाआधी मला 'मयत' हा शब्द लिहावा लागे. तो शब्द मी इतका लिहिला की कोऱ्या कागदावर पेन टेकवला की हात आपोआप 'म' काढायचा. दुसऱ्या कोणाचे लग्नाचे निमंत्रण लिहितानाही एकदा तसे झाले. कागद बदलला.

तर, साडूभाऊंच्या घरी इन्व्हर्टर होता. लाइट गेली की त्यावर ट्यूब, पंखे आणि लहान पिनांचे पॉइंट चालत. संगणक आणि ती काळी पेटी त्या लहान पॉइंटांवर होती. ॲम्प्लिफायर मात्र त्यांनी कूलरच्या मोठ्या पॉइंटवर, इन्व्हर्टर सोडून थेट तारेच्या लाइटवर ठेवला होता. इन्व्हर्टरचा करंट मळका असतो आणि आवाज मळवतो, असे त्यांचे म्हणणे. स्वतः विजेचे फोरमन, त्यांना कोण सांगणार.

परिणाम असा की लाइट गेली की ॲम्प्लिफायर मरायचा. स्पीकर मुके. पण आत संगणक गाणे पाठवतच राही आणि पेटी ते घेतच राही. समोरची गिरणी थांबलेली, कूलर थांबलेला, हॉलमध्ये एक टाचणी पडली तरी ऐकू यावे इतके शांत, आणि त्या शांततेत ते हिरवट आकडे धावत असत.

पहिल्यांदा मी ते पाहिले तेव्हा म्हणालो, "बंद करा ना. वाया जाऊन राहिलं."

"काहून? गाणं चालूच हाय ना. आपल्याले ऐकू नाई येऊन राहिलं, एवढंच."

आणि ते खुर्चीत तसेच बसून राहिले, डोळे मिटून, मांडीवर बोटाने ताल धरून. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला बरे वाटत नव्हते. बऱ्याच वेळाने लाइट आली. ॲम्प्लिफायर 'टक्' करून जागा झाला आणि गाणे मध्यातूनच उसळले, पुष्कळ पुढे गेलेले. साडूभाऊंचे बोट त्या क्षणी समेवर पडले. चूक नाही, मागे-पुढे नाही. मी त्यांना विचारले नाही की एवढा वेळ तुम्ही काय ऐकत होता. उत्तर ऐकण्याची इच्छा झाली नाही.

त्यांनी पुढे स्वतः रेकॉर्डिंग करणे सुरू केले. अकोल्यातच एका बागवानांच्या घरी, जे संत्र्यांचा घाऊक व्यापार करीत आणि गाण्याचे मोठे शौकीन होते, एका म्हाताऱ्या सारंगीवाल्यांची बैठक झाली. साडूभाऊंनी आपले यंत्र नेऊन ती पुरीच्या पुरी उतरवली, त्याच बोंडाच्या दर्जात. स्वतः माइकला लागून बसले. जिनात वर्षानुवर्षे रुई नाकातोंडात गेल्यामुळे त्यांना घसा साफ करण्याची सवय होती. दोनदा आखूड, एकदा लांब. बैठकीत सारंगी अगदी हळू झाली त्या ठिकाणी त्यांनी घसा साफ केला, आणि यंत्राने ते इमानेइतबारे टिपले.

ती बैठक त्यांनी यादीत पहिली लावली. रोज दुपारी चहाच्या वेळी संगणकाने ती आपणहून सुरू करावी, मग पुढची गाणी, दिवेलागणीला थांबावे, अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था कशी बदलायची ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते. माणूस धडधाकट होता.

ते गेले ते याच हॉलमध्ये, याच खुर्चीत. दुपारी लाइट गेली होती. ताई आत चहा ठेवत होत्या. लाइट आली, सारंगी उसळली, ताईंनी कप भरले आणि बाहेर आल्या. साडूभाऊ डोळे मिटून बसलेले. ताईंनी कप स्टुलावर ठेवला, नेहमीप्रमाणे काही न बोलता समोर बसल्या, आणि गाणे संपेपर्यंत वाट पाहिली. गाणे चालू असताना त्यांना हलवायचे नाही, असा घरचा शिरस्ता होता. यादी दिवेलागणीपर्यंत चालली. ताई दिवेलागणीपर्यंत बसून होत्या.

पुढचे मी पत्नीकडून ऐकले आणि मग स्वतः पाहिले. तेरवी झाली. मुलगा पुण्याला नोकरीत होता, तो आईला न्यायला तयार, आई जायला तयार नाही. पत्नी मला म्हणाली, "तुम्ही जा. तुमचं बोलणं कचेरीतले साहेब ऐकतात, ताई काहून नाई ऐकणार?" यात तथ्य होते. मी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली.

मी पोचलो तेव्हा लाइट नव्हती. दार नुसते लोटलेले. हॉलमध्ये ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, खुर्ची मोकळी होती, आणि पेटीवरचे आकडे धावत होते. मी "ताई" म्हणालो. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"चालू हाय," त्या कुजबुजल्या.

मी चपला हातात धरून उभा राहिलो. माणूस मेलेल्या घरात बोलू नये असे अनेक प्रसंग येतात, पण गाणे ऐकू येत नसताना ते ऐकणाऱ्याला त्रास होईल म्हणून गप्प बसणे, हे मी पहिल्यांदा केले. गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणजे लाइट आली. टक्. सारंगी भरून आली. ताईंचा चेहरा उजळला, मग पडला.

"होऊन गेलं," त्या म्हणाल्या. "आज अंधारातच होऊन गेलं."

"काय होऊन गेलं?"

"खाकरणं त्याइचं."

मग त्यांनी सांगितले. बैठकीत जिथे साडूभाऊ घसा साफ करतात ती जागा कधी लाइट असताना येते, कधी लाइट गेल्यावर. लाइट असली तर डाव्या स्पीकरच्या मागून, जसे काही ते तिथे उभे आहेत, तसे ऐकू येते. लाइट नसली तर निघून जाते. "काल आले होते," त्या म्हणाल्या. "परवा नाई आले. त्याच्या आंधी दोन डाव सारखे आले. आपल्या मर्जीनं येतात. जिते होते तवाही असेच होते, बोलावलं तं येत नोते."

मी कायद्याने समजावले. मी म्हणालो, ताई, ही रेकॉर्डिंग आहे. लाइट जाते ती वीज कंपनी घालवते, साडूभाऊ नव्हे. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले. चहा केला. आणि म्हणाल्या, "तुमी म्हनता थे बरोबर हाय. मले समजते. पन मले मालूम नसते ना, आज येतील का नाई? मालूम नसलं की मानूस घरात असते."

दुसऱ्या दिवशी लाइट गेली नाही. आम्ही दोघे बसलो. सारंगी हळू होत गेली, ताईंनी हात वर केला, आणि डाव्या बाजूने, स्पीकरच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेतून, साडूभाऊंनी घसा साफ केला. दोनदा आखूड, एकदा लांब. त्या बोंडाच्या दर्जाची कीर्ती मी तोवर मनातून थोतांड मानत होतो. त्या दिवसापासून मानत नाही. मी अनवधानाने खुर्चीकडे पाहून नमस्कार केला. मुलाला फोन लावून मी कळवले की आईला सध्या हलवू नये.

असे साधारण दोन उन्हाळे गेले, त्यात मीही अधूनमधून जाऊन ताईंबरोबर त्या बैठकीला बसत असे. मग अकोल्याच्या त्या भागात भारनियमन बंद झाले. जिथे लोक बिले वेळेवर भरतात आणि चोरी कमी असते, तिथली कपात उठवायची, असे कंपनीचे धोरण होते. गल्लीने फटाके लावले. गिरणीवाल्यांनी पेढे वाटले. ताईंनी पेढा घेतला आणि देवासमोर न ठेवता तसाच ताटलीत ठेवला, असे पत्नीने मला सांगितले. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

काही आठवड्यांनी, माझ्या टेबलापुढच्या रांगेत मान वर करून पाहतो तो ताई उभ्या. घरी न जाता, बहिणीला न कळवता, एसटीने थेट कचेरीवर आलेल्या. मी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"नंबरानं येऊ द्या," म्हणाल्या. "अर्ज लिवाचा हाय."

त्यांच्या पुढे नांदगाव खंडेश्वरकडचा एक शेतकरी होता, विहिरीवरच्या मोटारीला रात्रीऐवजी दिवसा लाइट मिळावी म्हणून आलेला. त्याचे लिहून झाले. तो सही करीत होता तेव्हा ताईंनी सांगायला सुरुवात केली.

"लिवा. आमच्या गल्लीतली लाइट पयल्यासारखी घालवत जा."

शेतकऱ्याचा पेन थांबला. "काय म्हनते बाई? घालवत जा?"

"हो जी. दुपारची. कधी जाईन थे सांगाचं नाई."

"मंग आमच्या गावी येना! तिथं तं इचारतच नाई कोनी, दिवसभर अंधार फुकट भेटते!" रांग हसली. तो माझ्याकडे वळला. "लिवता काय हो तुमी असं? आमाले लाइट मागाचा अर्ज ज्या पेनानं लिवला, त्याच पेनानं?"

"भाऊ," ताई शांतपणे म्हणाल्या, "तुमची मोटार लाइटनं चालते. माहा मानूस लाइट गेल्यावर चालते."

त्या वर्षांत त्या रांगेत असे वाक्य ऐकून कोणी हसत नसे. शेतकऱ्याने टोपी सारखी केली आणि बाजूला होऊन त्यांना सावलीत जागा दिली.

मी ताईंना आवाज खाली करून सुचवले की अर्जाची गरज नाही. दुपारी मेन स्विच स्वतः पाडावा, वाटेल तेव्हा वर करावा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला माझ्या धंद्याची प्रथमच लाज वाटली.

"मी पाडला तं मले मालूम राहीन ना, कधी पाडला. मंग थे माह्या मर्जीनं आले. आता लाइट जात नाई तवापासून रोज येतात. रोज त्याच जागी, रोज तेवढंच खाकरतात. जिता मानूस रोज त्याच जागी खाकरते काय, भाऊजी?"

त्यांनी पुढे जे सांगितले त्यासाठी त्या आल्या होत्या. मुलाने पुन्हा न्यायचे काढले होते आणि या वेळी त्यांनी होकार देऊन टाकला होता. दिवाळीनंतर निघायचे. मात्र त्याआधी एकदा तरी लाइट आपली आपण गेली, आणि साडूभाऊ एक दिवस आले नाहीत, तर त्या राहणार होत्या. येत नाहीत म्हणजे आहेत. रोज येतात म्हणजे नुसती रेकॉर्डिंग.

मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत कठीण अर्ज होता असे मी म्हणेन. 'कारण' या ठिकाणी मी 'धार्मिक व कौटुंबिक' असे लिहिले, दुसरे सुचले नाही. अकोल्याला स्वतः जाऊन वीज कंपनीच्या कार्यालयात दिला. तिथल्या बाबूने तो दोनदा वाचला, दुसऱ्या बाबूला बोलावून वाचून दाखवला, आणि मला विचारले, "काका, हा अर्ज वाचून दाखवून सही घेतली ना? का बाई आंधळी हाय?" पोच मात्र दिली. उत्तर आले नाही. दिवाळीपर्यंत त्या गल्लीतली लाइट एक क्षणही गेली नाही. वीज कंपनीने इतकी निर्दोष सेवा दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

ताई गेल्या. स्टेशनवर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ॲम्प्लिफायर तेवढा बंद केला. बाकी राहू द्या जी. आता त्याइले एकट्याले ऐकू द्या." मी होकार दिला. रडणाऱ्या माणसाला गाडी सुटताना नाही म्हणता येत नाही.

घर बंद, वीज चालू. पुढच्या पावसाळ्यात मुलाचा फोन आला. "मावसाजी, घर भाड्यानं द्यायचं आहे. एकदा जाऊन सगळं बंद करून, मेन स्विच पाडून या ना." त्याचे म्हणणे योग्य होते. मी निघणार त्या दिवशी सकाळी ताईंचाही फोन आला, मुलाच्या मागे केलेला, हळू आवाजात. "स्विच पाडाच्या आंधी पाहून सांगा मले, थे हायेत काय तिथं. असले तं मी वापस येईन, पोरगा काही म्हनो. नसले तं पाडा मंग."

दुपारी मी कुलूप काढले. बाहेर गिरणी चालू होती, म्हणजे लाइट होती. खिडक्या बंद, हॉलमध्ये अर्धवट उजेड आणि बंद घराचा वास. दोन्ही स्पीकर उभे. धूळ सगळीकडे सारखी होती, खुर्चीवरही, हे मी मुद्दाम तपासले. आणि स्टुलावर ती पेटी जागी होती. हिरवट आकडे धावत होते. नऊ-दहा महिने रोज दुपारी, कोणी नसताना, ती बैठक या खोलीत भरत होती आणि आवाजाशिवाय उठत होती.

मी कर्तव्य म्हणून ॲम्प्लिफायरचे बटण दाबले. टक्. सारंगी आली. बागवानांच्या घरची ती खोली, कोणाच्या तरी बांगड्या, कपबशी, सर्व जसेच्या तसे आले. मी उभ्यानेच ऐकले. सारंगी हळू होत गेली, आणखी हळू, ती जागा आली. मी डाव्या स्पीकरकडे पाहत होतो.

काही आले नाही. सारंगी त्या जागेवरून सरळ पुढे गेली. बांगड्या होत्या, कपबशी होती, श्वास होते. घसा साफ झाला नाही. माझी ऐकण्यात चूक झाली नसावी. ही जागा मी ताईंबरोबर इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतही ओळखीन.

मी ॲम्प्लिफायर बंद केला. पेटीवर आकडे धावत राहिले. मी मेन स्विचच्या डब्याकडे निघालो, झाकण उघडले, आणि हात वर केला. त्या वेळी माझ्या पाठीमागे, हॉलमध्ये, घसा साफ झाला. दोनदा आखूड, एकदा लांब.

स्पीकर बंद होते. घरात मी एकटा होतो. माझा स्वतःचा घसा स्वच्छ होता. गिरणीवाल्यांना मी नंतर विचारले, त्यांनी काही ऐकले नाही. पण गिरणी चालू असताना त्यांना स्वतःची हाकही ऐकू येत नाही, हेही नमूद करतो. मी झाकण लावले, मागे न पाहता चपला घातल्या, कुलूप लावले आणि परतीची गाडी पकडली.

ताईंचे त्यानंतर तीन-चार फोन येऊन गेले. मी घरी नाही असे पत्नीने सांगितले. मुलालाही काम अद्याप बाकी आहे असे कळवले आहे. भाडेकरू ठरलेला आहे. ताईंना काय सांगावे हे मला ठरवता येत नाही. आहेत म्हणावे तर एक म्हातारी बाई नातवंडे सोडून धूळ भरलेल्या हॉलमध्ये मुक्या पेटीसमोर येऊन बसेल आणि कदाचित तिथेच संपेल. नाहीत म्हणावे तर स्विच मला पाडावा लागेल, आणि मी जे ऐकले ते ऐकले आहे.

सबब, साडूभाऊ, हा अर्ज थेट आपणास करीत आहे. इतर सर्व कार्यालयांकडे दाद मागून झालेली आहे. आपण सदर घरात आहात किंवा कसे, आणि असल्यास ताईंनी परत यावे अशी आपली इच्छा आहे किंवा कसे, याबाबत स्पष्ट खुलासा करावा. नुसता घसा साफ करणे हे उत्तर समजले जाणार नाही, कारण त्याचे दोन्ही अर्थ निघतात. आपणास योग्य वाटेल त्या मार्गाने, पण ताईंना घाबरवू नये इतक्या बेताने, कळवावे. उत्तर मिळेपर्यंत मेन स्विच आहे त्या स्थितीत चालू ठेवण्यात येत आहे.

कळावे. उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला,
अर्जनवीस